मोडणीचा नकाशा

बस नेहमीसारखी वळणावर कलली, तिने नेहमीसारखी खांद्यावरची पिशवी सावरली, खिडकीबाहेर पाहिलं, आणि शाळेच्या छपराच्या जागी तिला आकाश दिसलं. नुसतं आकाश, सकाळचं, फिकट. आपण भलत्याच बसमध्ये बसलो असं क्षणभर वाटलं, आणि वाटून जरा बरंही वाटलं. पण कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान तेच होतं, त्याच्या पायरीवर अंग सैल टाकून पडलेलं मांजरही तेच होतं, आणि पलीकडे पत्र्यांच्या कुंपणावरून शाळेच्या भिंती डोकावत होत्या. कौलं, वासे सगळं उतरवून घेतलेल्या, बोडक्या. एका भिंतीवर कामावरचा कुणी माणूस पाय हलवत बसला होता आणि डब्यातलं काहीतरी खात होता. तिच्या भिंतीवर. थांबा आला. तिला उतरता आलं असतं. ती उठली नाही. दार मिटलं, बस पुढे निघाली, आणि पिशवी कुणी हिसकावून घेणार असल्यासारखी तिने ती पोटाशी घट्ट धरली.

तिला माहीत नव्हतं अशातला भाग नव्हता. खरं तर तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. शाळा ही तिची पहिली इमारत, आणि ती उतरवायची सूचनाही तिनेच केली होती, कुणी विचारायच्या आधी. शेजारचा रस्ता दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर अंगावर घेत वर वर येत गेला होता, शाळा होती तिथेच राहिली होती, आणि पावसाळ्यात पहिलीच्या वर्गातली मुलं पाय वर घेऊन बसत होती. मुलंही वाढली होती. वर मजला चढवावा तर पाया तेवढ्या वजनाचा नव्हता. शाळेच्या समितीपुढे उभं राहून तिने हे सगळं शांतपणे सांगितलं. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. दुखणारी गोष्ट काढून टाकावी याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते त्या जागी काय बसवायचं याबद्दल. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तयार तुकडे आणायचे, क्रेनने उचलून जोडायचे, की सुट्टी संपायच्या आत शाळा उभी. तेव्हा ती, जिचा आवाज चढलेला कधी कुणी ऐकला नव्हता, टेबलावर हात आपटून म्हणाली होती, "ही इमारत चुन्यात बांधलेली आहे. वीट न् वीट सुटी होईल. त्याच विटांतून नवी शाळा उभी राहील. माझा शब्द आहे." डॉक्टरांनी विचारलं, "आणि नाही सुटल्या तर?" "तर आणा तुमचे तुकडे." सगळे हसले. तीही हसली. घरी जाताना मात्र आपण कुणाच्या जिवावर शब्द दिला हे तिला आठवलं.

नव्या शाळेचं काम तिच्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे होतं. वर्गात तिला सगळे खोडरबर म्हणायचे, कारण ती काढायची थोडं आणि खोडायची फार. मॅडमच्या शब्दावर विसंबून खोडरबरने सबंध नवी शाळा जुन्या विटांच्या मापात बसवली होती. खिडक्यांची रुंदी, जिन्याच्या पायऱ्या, सगळं त्या विटेच्या लांबीवर बेतलेलं. भिंती कधी उतरणार हे सांगायला तिने फोन केला होता. "वरचे थर काढून बघितले, मॅडम, चुनाच आहे. अलगद सुटताहेत. आता खालचे थर आणि कोपरे कसे निघतात ते बघायचं. येणार ना?" "बघू," ती म्हणाली होती, आणि म्हणताक्षणी तिने जीभ चावली. कारण 'बघू' हा शब्द तिचा नव्हता. तो बाबांचा होता.

बाबा ठेकेदार होते. माणसाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नसे, म्हणून ते बघू म्हणायचे. सहलीला जायचं का? बघू. सायकल घेऊ या का? बघू. त्यांच्या बघूतून आजवर कुणालाही काही मिळालेलं नव्हतं हे घरात धाकट्यापासून थोरल्यापर्यंत सगळे जाणून होते. आणि त्यांचा दुसरा लाडका शब्द होता पक्कं. भिंत पुरी झाली की ते तळव्याने तिच्यावर थाप मारायचे, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी, आणि म्हणायचे, "आता ही हलत नाही." तिला शाळेचं काम मिळालं तेव्हा ती महाविद्यालयात नुकतीच शिकवायला लागली होती, डोक्यात कल्पनांचा नुसता कल्ला होता, आणि चुन्यात बांधायला एकही ठेकेदार तयार नव्हता. शेवटी बाबाच म्हणाले, मी बांधतो. जेवणाच्या टेबलावर तिने त्यांच्यापुढे नकाशा पसरला. ते आमटीच्या वाटीचा डाग पडू नये म्हणून हात आखडून बघत राहिले. "चुन्यात? सबंध?" "सबंध. पायापासून." "वरती घाल की तुझा चुना. खालचे थर आणि कोपरे मला बघू दे." "खालीपण चुनाच, बाबा. एक घमेलंसुद्धा सिमेंट नको." त्यांनी नकाशाची गुंडाळी केली, तिला व्यवस्थित दोरी बांधली आणि म्हणाले, "बघू."

त्या एका बघूला आता तीसेक वर्षं झाली. सकाळी तिचे तास असायचे. ती कामावर पोचायची ती दुपारी, उन्हातून, आणि तोवर त्या दिवसाचे थर चढलेले असायचे, सांधे पुसून नीट केलेले. बाहेरून चुना. आत काय, हे भिंतीला आणि बाबांना ठाऊक. एकदा मागच्या बाजूला तिला सिमेंटच्या गोण्या रचलेल्या दिसल्या होत्या. "ह्या कशाला?" तिने विचारलं. "असू दे गं, लागतात," बाबा म्हणाले आणि मजुरावर ओरडायला निघून गेले. नंतर इमारत नावाजली गेली. तिचे फोटो छापून आले, तिच्यावर लोकांनी प्रबंध लिहिले, ती स्वतः ठिकठिकाणी जाऊन अंधाऱ्या सभागृहांतून शाळेची चित्रं दाखवत सांगू लागली: पायापासून माथ्यापर्यंत चुना, भिंत श्वास घेते, आणि उद्या नको झाली तर मागे ढिगारा ठेवत नाही. दर वेळी 'पायापासून' म्हणताना तिची जीभ अर्धा क्षण अडखळायची. ऐकणाऱ्यांना वाटायचं, बाई भारावल्या. पर्समधली किल्ली काढून खालच्या एखाद्या सांध्यात खुपसली असती, जरा खोल खरवडलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं. विद्यार्थ्यांना ती हेच सांगायची, विचारत काय बसता, खरवडून बघा. स्वतः तिने कधी खरवडलं नाही. बाबा होते तोवर त्यांचा अपमान झाला असता, आणि बाबा गेल्यावर त्यांना फसवताना पकडायचा तिला धीर झाला नाही.

महाविद्यालयात पोचल्यावर आपल्या खोलीचं दार लावून तिने आईला फोन केला. आई तिच्याकडेच राहायची, आता ऐंशीच्या पुढची होती, आणि फोन उचलताना नेहमी आधी दूरदर्शनचा आवाज बंद करायला विसरायची. "आई, बाबांनी शाळेत सिमेंट घातलं होतं का?" "कशात?" "शाळेत. माझ्या शाळेत." "आता हे मध्येच काय काढलंस?" पलीकडे कुणी तरी मोठ्याने बातम्या देत होतं. "मला काय सांगायचे का ते कामातलं? चहाला या म्हटलं तर येतो म्हणायचे आणि गार झाल्यावर यायचे. घातलं असेल. माणूस पक्कं पक्कं करत जन्म काढतो, त्याला तू चुना लावायला सांगितलास." मग आईलाच आपल्या बोलण्याचं हसू आलं आणि तिला ठसका लागला. "पाणी पी," ती म्हणाली. "पिते. आणि तू काय आज जेवायची नाहीस वाटतं, आवाज बघ कसा झालाय."

वर्गात शेवटच्या वर्षाची मुलं नकाशे लावून उभी होती. तिच्या हाताखाली शिकायचं म्हणजे शेवटचा कागद मोडणीचा. इमारत कशी उभी राहील हे सगळेच काढतात. ती एक दिवस कशी उतरेल, कोणता भाग आधी सुटेल, कशाचं पुढे काय होईल, हे काढल्याशिवाय तिच्याकडे कुणी पास होत नसे. जे तसंच्या तसं पुन्हा वापरता येईल ते निळं. जे मातीत जाईल ते हिरवं. जे ढिगाऱ्यात जाईल ते लाल, आणि जितकं लाल जास्त तितके गुण कमी. एकाने एके वर्षी इस्पितळाच्या नकाशात रुग्णसुद्धा निळे रंगवले होते. तिला पाठीमागे मोडणीबाई म्हणतात हे तिला माहीत होतं. विभागाच्या दारावर 'शाश्वत बांधकाम' अशी पाटी होती आणि त्या दाराआड ही बाई मोडायला शिकवते, यावरून सहकारी तिची यथेच्छ फिरकी घेत. काचेच्या उंच इमारती काढणारे एक प्राध्यापक म्हणायचे, "तुम्ही म्हणजे पोरांना लग्नाच्या मांडवातच घटस्फोट शिकवता." ती हसायची. चिडायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं, निदान बाहेरून.

आज तिसऱ्या नकाशासमोर, एका बाजारपेठेच्या आराखड्यासमोर, सगळा कागद निळाशार बघून ती काही बोलणार तोच नकाशा काढणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, एक विचारू? हे असं खरंच सुटतं का? म्हणजे, तुम्ही बघितलंय कधी? स्वतः?" मुलीच्या बोलण्यात खोच नव्हती, रात्रभर निळा रंग भरून ती दमली होती आणि आपण भरलं ते खरं की खोटं एवढंच तिला हवं होतं. बाईंकडे उत्तरं होती, प्रयोगशाळेतली होती, परदेशातली चित्रं होती. ती म्हणाली, "नाही." आणि मग लगेच, "इमारत बांधणाऱ्यापेक्षा जास्त जगते. ती सुटताना बघायला आपण नसतो. म्हणून तर नकाशा काढून ठेवायचा." मागच्या बाकावर कुणी तरी ते वाक्य लिहून घेऊ लागलं, आणि त्या पेन्सिलीच्या आवाजाने तिच्या अंगाची लाही झाली. स्वतःचीच चीड आली. किती गुळगुळीत बोलतो आपण, किती वर्षं हे असंच बोलून वेळ मारून नेली. "लिहू नकोस ते," ती म्हणाली. "आज एक सुटते आहे. माझीच. मी जाऊन बघते आणि उद्या सांगते." "आणि नाही सुटली तर, मॅडम?" "तर तेही सांगते. मग हा कागद तुम्हाला काढायला लावणार नाही." बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय पणाला लावून बसलो. आता नुसत्या विटा उरल्या नव्हत्या. सगळी नोकरी त्या कोपऱ्यात, खालच्या थरात, बाबांच्या एका बघूखाली दबून पडली होती.

परतीच्या बसमध्ये ऊन तिच्या बाजूला आलं. तिने डोळे मिटले तर मिटलेल्या पापण्यांवर लाल, आणि त्या लालातून तो आवाज आला, ठण, ठण, मग बराच वेळ काही नाही, मग ठण. ती विशीत असताना बाबांनी बांधलेलं चित्रपटगृह रस्ता रुंद करायला पाडत होते. बाबांच्या हातचं सगळ्यात मोठं काम. चार दिवसांत होईल म्हणून आलेली माणसं आठवडे उलटले तरी घण घालत होती. बाबा रोज संध्याकाळी तिला घेऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहायचे. तिला वाटलं होतं ते खचतील. ते तर फुलले होते. "बघ," तिला कोपर मारत म्हणायचे, "हलत नाही. घाम फुटलाय लेकांना." अनोळखी माणसाला थांबवून सांगायचे, मी बांधलंय हे. आणि ती बघत होती ती खाली. वरून पडत होतं ते सगळं एकाच करड्या रंगाचं झालं होतं. विटा, पायऱ्या, तिकिटाच्या खिडकीची चौकट, पडद्यामागची नक्षी, सगळं सिमेंटला असं चिकटून बसलं होतं की सोडवायला गेलं की सगळंच फुटायचं. गाड्या भरभरून ते गावाबाहेरच्या खड्ड्यात नेऊन ओतत होते. एक खुर्ची नाही, एक फरशी नाही, कशातूनच पुन्हा काही होण्यासारखं नव्हतं. त्या फुटपाथवर दोघं एकमेकांना चिकटून उभी होती, आणि एकाच ढिगाऱ्याकडे बघून बाप एक शिकून घरी गेला आणि लेक दुसरंच. त्याबद्दल दोघं कधी बोलली नाहीत. ती जे शिकली त्यावर तिने आयुष्य काढलं. आणि आता तिला प्रथमच असं वाटलं की आपण तेव्हा बाबांना काहीतरी म्हणायला हवं होतं. छान बांधलंय, एवढं तरी. खरंच छान होतं ते. त्यांच्या चित्रपटगृहाच्या जिन्यावरून उतरताना कुणाचाही पाय कधी चुकला नव्हता.

पत्र्याच्या फटीतून ती आत गेली तेव्हा आधी वास आला, चुन्याचा, थंडसर, नव्याने पांढऱ्या केलेल्या खोलीचा. भिंती खिडक्यांच्या खालपर्यंत आल्या होत्या. खोल्या आता नुसत्या रेघा होत्या, नकाशासारख्या. तीस वर्षांनी इमारत पुन्हा कागदावर परत चालली होती. एका बाजूला विटांच्या रांगा लावलेल्या, साफ, तांबूस. पेन्सिल केसांत खोचलेली खोडरबर धावत आली. "आलात! मला वाटलं तुमचं बघू म्हणजे नाही." "तेच होतं," ती म्हणाली. "वरचं सगळं निघालं, मॅडम. तुटलेल्या फार थोड्या. पण त्याला अर्थ नाही म्हणतात डॉक्टर. सकाळी येऊन गेले. खरं वजन खाली असतं, कुणीही ठेकेदार खाली सिमेंट घालतोच म्हणाले. मी म्हटलं, मॅडमच्या वडिलांनी बांधलंय. तर हसले." तिने पदर खोचला. "आता कोपरा घेतोय. तुम्ही सावलीत उभ्या राहा ना." सावली कुठेच नव्हती. मुकादमाने हाक मारली आणि दोन माणसं पहार घेऊन कोपऱ्याशी गेली.

ती जाऊन त्यांच्या अगदी जवळ उकिडवी बसली. गुडघे कुरकुरले. पहारीचं टोक सांध्यावर ठेवलं गेलं, घाव बसला, आणि आवाज आला तो मुका, भरीव. वीट जागची हलली नाही. आला, हाच तो आवाज, फुटपाथवरचा. दुसरा घाव. काही नाही. आत कुठे तरी तिने डॉक्टरांच्या क्रेनला वाट करून दिली, उद्याच्या वर्गात काय सांगायचं त्याची पहिली दोन वाक्यंही जुळवली, आणि आश्चर्य म्हणजे तिला बाबांचा रागसुद्धा आला नाही. नुसतं वाईट वाटलं, लहानपणी सायकलचं वाटलं होतं तसं. तिसरा घाव बसला तेव्हा सांध्यातून पांढरी भुकटी उडाली. पहार आत गेली. माणसाने ती हलकेच दाबली आणि वीट पुढे सरकली, मग आणखी पुढे, आणि सबंध बाहेर आली. "द्या," ती म्हणाली. वीट हातात जड होती आणि आतून गार. तिने अंगठ्याने बाजू चोळली. चुना पापुद्र्यासारखा सुटून तिच्या साडीवर पडला. "पुढची घ्या," ती म्हणाली. पुढची निघाली. तिच्या मागची निघाली. भिंतीच्या पोटातली, जी कुणालाच कधी दिसणार नव्हती, तीही निघाली, आणि तिथले सांधेसुद्धा काठोकाठ भरलेले होते, बाहेरच्यासारखेच. खोडरबरने दोन विटा घेऊन एकमेकींवर वाजवल्या. टण्ण झालं, स्वच्छ. मुकादम खालच्या थरापर्यंत गेला, पायाच्या दगडापर्यंत. चुना. दुसरा कोपरा. चुना.

"बाबांनी ऐकलं," ती मोठ्याने म्हणाली. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. "ऐकलं त्यांनी माझं." डोळ्यांत धूळ गेली म्हणायची उत्तम सोय होती, पण तिने ते म्हटलं नाही, ती तिथेच उकिडवी बसून, हातात वीट घेऊन, चांगली रडली. तीस वर्षं तिने मनातल्या मनात वडिलांवर खटला चालवला होता. जीव लावला पण भरवसा नाही ठेवला, असा आरोप होता. आणि आरोपी निर्दोष सुटला तो न्यायाधीशबाई निवृत्तीला टेकल्यावर. ज्या माणसाला हलणारी भिंत बघवत नसे, त्याने सुटणारी भिंत बांधली होती, दुपारी लेक यायच्या आत, सकाळी स्वतः उभं राहून, प्रत्येक सांधा भरून, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. त्या भिंतीवर त्याने थाप मारली होती का? तिला आठवेना. मारली असणार. काय म्हणाला असेल?

खोडरबर फोनवर डॉक्टरांशी बोलत होती, आवाज टिपेला गेला होता. "सगळ्या! हो, खालच्यासुद्धा! तुम्ही या ना बघायला, मॅडम इथेच आहेत!" आणि मग मुकादमाचा आवाज आला, "ताई, इकडे या जरा. हे काय हलत नाही."

पुढच्या दाराशेजारी, बाहेरून, भिंतीला लागून एक कट्टा होता. दोन माणसं जेमतेम बसतील एवढा. मागची भिंत निघून गेली होती आणि तो एकटाच उरला होता. पहारीचं टोक त्याच्यावरून घसरत होतं. एका घावासरशी विटेचा टवका उडाला, सांधा मात्र जसाच्या तसा, काळपट, गुळगुळीत. "सिमेंट आहे," मुकादम म्हणाला. "नुसतं सिमेंट. काय घातलंय देव जाणे, एवढ्याशा कट्ट्याला. मशीन लावतो, तासाभरात तुकडे करतो."

ती कट्ट्याकडे बघत राहिली. ह्या गोण्या कशाला, असू दे गं, लागतात. कट्टा नकाशात नव्हता. एका दुपारी ती कामावर आली तर तो होता, ओला. "हे काय, बाबा? नकाशात नाही हे." "नसू दे." "अहो, पण दाराची सगळी रेषा बिघडली!" "येतेस आणि उन्हात उभी राहतेस सारखी. बस जरा." तिचं नाक लाल झालं होतं रागाने. पहिली इमारत, एकेक रेघ जीव ओतून काढलेली, आणि हे ढब्बू काहीतरी तिच्या तोंडावर आणून चिकटवलेलं. ती बसली नाही. त्या दिवशी नाही, उद्घाटनाच्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. फोटो काढणारा आला तेव्हा तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तेवढा कट्टा येऊ देऊ नका. छापून आलेल्या एकाही चित्रात कट्टा नव्हता. मुलं मात्र रोज त्याच्यावर होती. बुटांच्या नाड्या बांधत, आईची वाट बघत, भांडत. त्याच्या कडा गोल झाल्या होत्या. आणि तिला एकदम दिसलं, उन्हाचे कोन शिकवण्यात हयात गेलेल्या तिला, की कट्टा पूर्वेच्या भिंतीला आहे. म्हणजे दुपारी, ती ज्या वेळी यायची बरोबर त्याच वेळी, भिंतीची सावली नेमकी त्याच्यावर पडायची. बाबांनी कुठलाही तक्ता न बघता ती जागा धरली होती. इमारत लेकीच्या मताने बांधली होती. हे एवढंच त्यांनी स्वतःच्या मताने बांधलं होतं.

"मॅडम," खोडरबर हातातली गुंडाळी उलगडत म्हणाली, "नेमका नव्या दारातच येतोय हो हा. मोडणीच्या नकाशात लालच धरायला लागेल. की दुसरा काही रंग?"

"रंग राहू दे," ती म्हणाली. "दार सरकव."

"दार?"

"पलीकडच्या खोलीकडे घे. आणि ही भिंत हलवू नकोस, होती त्याच रेषेत वर ने. दुपारची सावली इथे पडली पाहिजे."

खोडरबरने तिच्याकडे पाहिलं, मग कट्ट्याकडे पाहिलं. गुडघ्यावर कागद ठेवून, खिशातून रबर काढून ती दार खोडू लागली. मुकादम पहार खांद्यावर टाकून दुसऱ्या कोपऱ्याकडे निघून गेला.

फोन वाजला. आधी बातम्यांचा आवाज, मग आई. "काय गं, झालं का? घातलं होतं का त्यांनी सिमेंट?"

"घातलं होतं, आई. एकाच ठिकाणी."

"वाटलंच मला! कुठे?"

"दाराशी एक कट्टा आहे ना, त्यात."

पलीकडे दूरदर्शन बंद झालं.

"तो होय," आई म्हणाली. "त्याचं मला सांगितलं होतं त्यांनी. पोरगी तासन् तास उभी असते म्हणाले, पाय सुजतात तिचे. बसली होतीस का गं कधी त्याच्यावर?"

कट्टा उन्हाने तापलेला होता. सावली यायची ती नव्या भिंतीची, पुढच्या वर्षी.

"आत्ता बसलेय," ती म्हणाली.